केकवरचे कॉलेज

मी एक जुना व्हर्नियर कॅलिपर आहे, मित्रांनो. माझा एखादा चुलतभाऊ तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत, कुलूपबंद कपाटात पडलेला तुम्ही पाहिला असेल. मला खाली दोन मोठे जबडे आहेत, वर दोन लहान जबडे आहेत आणि मागे एक बारीक शेपटी आहे. मोठ्या जबड्यांनी मी वस्तूची जाडी मोजतो, लहान जबड्यांनी भोकाची रुंदी आणि शेपटीने खोली. चार जबडे आणि एक शेपटी असलेल्याने गप्प बसावे, अशी अपेक्षा कुणी करू नये. खोटे माप देणे माझ्या रक्तात नाही. थोडे वाढवून सांगणे मात्र आहे. तेवढे तुम्ही वजा करून घ्या.

माझा जन्म पूर्वेकडच्या समुद्रकाठी, अवजारांच्या एका कारखान्यात झाला. मला तापवले, पाणी दिले, घासून चकचकीत केले आणि माझ्या अंगावर रेघा आखायला एका म्हाताऱ्याच्या हाती सोपवले. त्याची रेघ इतकी सरळ असे की शेजारच्या बायका त्याला कॉफीला बोलावून भांग पाडून घेत. पुढे ओहायोतल्या बार्लो फॉल्स या गावी हत्यारांच्या दुकानात मी काचेआड बसलो. तिथून वेंडेल हुडाक नावाच्या एका तरण्या कामगाराने आपल्या पहिल्या पगारात मला उचलले.

वेंडेल मोटारींचे पत्रे दाबणाऱ्या कारखान्यात होता. तिथली प्रेस म्हणजे घराएवढे यंत्र. सपाट पत्रा आत सरकवायचा, वरून एक दणका बसायचा आणि मोटारीचा दरवाजा तयार. त्या दणक्यांनी गावातल्या कोंबड्या चपटी अंडी घालीत, असे मी ऐकले आहे. मोजून पाहिलेले नाही. मी वेंडेलच्या शर्टाच्या खिशात असे. एकदा पैजेखातर मी पिसवेची कंबरही मोजली. तिने श्वास रोखून धरला म्हणून माप जरा कमी आले.

माझ्या जोरावर वेंडेल मोठा काटेकोर झाला. पत्रा जरा जाड आला की तो गाडीच्या गाडी परत पाठवी.

"वेंडेल, अरे केसभराचा तर फरक," फोरमन कुरकुरे.

"कुणाच्या केसाचा? तुमच्या डोक्यावर तर एकही नाही," वेंडेल म्हणे.

बार्लो फॉल्समध्ये एक रीत होती. हात मिळवताना समोरच्याची बोटे मोजायची नाहीत. प्रेसने कुणाचे एक नेलेले असे, कुणाची तीन. लोक हात हातात घेत, डोळ्यांकडे बघत आणि हवापाण्यावर बोलत. वेंडेल मात्र दोन बिअर पोटात गेल्या की दोन्ही पंजे वर करून म्हणे, "इतकी वर्षं प्रेसच्या कारखान्यात काढली, बघा! दहाच्या दहा!" त्याची मोठी बहीण लोइस शाळेची पिवळी बस चालवी. ती लगेच दृष्ट टळावी म्हणून लाकडी टेबलावर टकटक करी. "गप रे. नजर तुझीच लागेल तुला."

वेंडेलला एकच मुलगी, कॉरिन. तिची आई ती लहान असतानाच दुसरा संसार थाटून ॲरिझोनाला निघून गेली. मग कॉरिन बापाच्या गॅरेजमध्ये वाढली आणि मी तिचे खेळणे झालो. तिने माझ्याने बिस्किटे मोजली, पडलेला दुधाचा दात मोजला, भुंगा मोजला. रोज संध्याकाळी बाप घरी आला की ती त्याची दहाही बोटे एकेक करून माझ्या जबड्यात धरी आणि मग सांगे, "सगळी आहेत, डॅड. आता जेव."

गावची रीत तिला कुणी सांगितलीच नव्हती. शेजारचा म्हातारा ओटिस पेल्की एकदा ओसरीवर येऊन बसला, तर ही त्याच्यापुढे जाऊन उभी.

"मिस्टर पेल्की, तुमची बोटं कुठायत?"

वेंडेलने घाईघाईने हवापाण्याचा विषय काढला. ओटिस म्हणाला, "प्रेसनं खाल्ली, पोरी."

"मग दुसरी का नाही लावली?"

"दुकानात मिळत नाहीत."

तिने त्याच्या उरलेल्या बोटांची मापे घेतली, पत्र्याच्या पट्टीची नळी वळली, तिला बिजागरी बसवली आणि कातडी पट्ट्याने त्याच्या हाताला बांधली. ओटिस मरेपर्यंत ते पत्र्याचे बोट बारच्या टेबलावर वाजवीत असे. "बिअर आणा रे, बोट वाट बघतंय." त्याच दिवशी कॉरिनचे ठरले. मेकॅनिकल इंजिनियर व्हायचे आणि माणसांसाठी हात बनवायचे.

मित्रांनो, इथपर्यंतची गोष्ट मी हसतहसत सांगितली. आता थोडे जपून ऐका.

कॉरिनची शाळा संपत आली तेव्हा तिला दोन कॉलेजांतून बोलावणे आले. एक राज्याचे, ज्याला सगळे नुसते स्टेट म्हणत, घरापासून तासाभराच्या वाटेवर. दुसरे पूर्वेकडचे खासगी, लाल विटांचे, दारात कुणा दाढीवाल्याचा पुतळा असलेले. दोन्हीकडे यंत्रे तीच, गणिते तीच. फी मात्र तीच नव्हती.

आमच्या गावात मुलगी कॉलेजला निघाली की अंगणात तिच्या कॉलेजच्या नावाची पाटी रोवतात. मग एका शनिवारी गॅरेज झाडूनपुसून मेजवानी होते, सारा कारखाना जेवायला येतो आणि मधोमध केक असतो. त्या केकवर कॉलेजचे बोधचिन्ह साखरेने काढलेले असते. लाल विटांकडून होकार आला त्याच दिवशी वेंडेलने पाटी रोवली, बापलेकीसाठी त्या कॉलेजचे दोन स्वेटर घेतले आणि केकही सांगून टाकला. हिशेब करायला तो बसला मेजवानीच्या आदल्या दिवशी. इतकी वर्षे आधी माप घेऊन मग पत्र्याला हात लावणारा माणूस! पण लेकीच्या बाबतीत त्याने आधी पत्रा कापला आणि मग मला शोधले.

गॅरेजच्या फरशीवर त्याने खडूने एक उभी रेघ ओढली. डावीकडे कर्ज, उजवीकडे पगार. लोइस उलट्या बादलीवर बसली होती. मी बाकावर होतो.

"स्टेटला गेले तर चाळीस हजार डॉलर कर्ज," कॉरिन म्हणाली. "घरी राहीन, त्यामुळे खोलीभाडं नाही. लाल विटांकडे सव्वा लाख. आणि डॅड, सव्वा लाखातलं बरंचसं खासगी सावकाराचं. त्याला जामीन लागतो."

"मी आहे ना जामीन. पगाराचं बोल."

"पहिल्या वर्षी सत्तर हजारांच्या आसपास. दोन्हीकडे."

"लाल विटांचं ऐंशी आहे. त्यांनीच छापलंय. सरासरी."

"सरासरी!" लोइस हसली. "माझ्या बसमधली बालवाडीची चार पोरं आणि मी, आमच्या वयाची सरासरी काढलीस तर चारी पोरांना गाडीचं लायसन्स द्यावं लागेल. अरे, त्या ऐंशीत कोण कोण बसलंय ते तरी बघ. तेलाच्या विहिरींवर जाणारे, क्षेपणास्त्रं बनवणारे. हात बनवणाऱ्यांना किती मिळतात गं?"

"पन्नास, आत्या. मी विचारलंय."

"मग पन्नास लिही की तिथं, वेंडेल."

वेंडेलने ऐंशी लिहिले. त्यातून कर वजा केला नाही, भाडे वजा केले नाही. कॉरिन वर्गात बसलेली असताना व्याज बाहेर थांबून राहणार नाही, ते पहिल्या दिवसापासून कामाला लागणार, हेही धरले नाही. मी बाकावरून जबडे वासून बघत होतो. केसभर फरकासाठी गाडीच्या गाडी परत पाठवणाऱ्या माणसाने तीस हजारांचा फरक खडूच्या एका फटकाऱ्यात पास केला.

कॉरिनने ते ऐंशी वाचले. मग म्हणाली, "डॅड, मी स्टेटला जाते. मला हातच बनवायचेत ना, ते तिथंही शिकवतात. आणि तुला पुढच्या उन्हाळ्यात काम सोडता येईल. बोट घेतलीयस ती काय गॅरेजमध्ये पोहणार आहे?"

खरेच, कोपऱ्यात ताडपत्रीखाली ॲल्युमिनियमची एक लहानशी होडी होती. ईरी सरोवरात मासे धरायला म्हणून वेंडेलने ती घेऊन ठेवली होती.

वेंडेलने खडू खाली ठेवला. त्याची नजर गॅरेजमधल्या फ्रीजकडे गेली.

"केक आलाय," तो म्हणाला.

"काय?"

"केक आलाय सकाळीच. त्यांचं चिन्ह आहे त्याच्यावर. पुतळ्यासकट."

"सुरीनं खरवडता येतं ते," लोइस म्हणाली.

"आणि अंगणातली पाटी? सगळ्या कारखान्यानं बघितलीय ती. उद्या येतील आणि म्हणतील, हुडाकला परवडलं नाही. पोरीला बोलावलं होतं, बापानं जाऊ दिलं नाही."

"म्हणू देत की! दोन दिवस म्हणतील. हप्ता किती वर्षं असतो ठाऊक आहे ना?"

"लोइस, तू बस चालव."

"चालवतेच. निदान पुढचा रस्ता बघून चालवते."

कॉरिन काहीतरी बोलणार होती. पण बापाने अंगात घातलेला तो नवा स्वेटर तिने पाहिला, छातीवर पुतळा, बाहीला अजून दुकानाची चिठ्ठी लटकलेली, आणि तिने पुढे होऊन ती चिठ्ठी तेवढी तोडली. दुसऱ्या दिवशी सारा कारखाना आला, टाळ्या पडल्या. वेंडेलने फोरमनच्या केकच्या तुकड्याची जाडी माझ्याने मोजून सगळ्यांना हसवले आणि माझ्या जबड्यात साखर गेली. मग सर्वांसमक्ष त्याने मला पुसून कॉरिनच्या हातात ठेवले. सोमवारी त्याने जामीन म्हणून सही केली. त्या साखरेचे डाग माझ्या अंगावर अजून आहेत, मित्रांनो. केक मात्र एका दुपारीत संपला.

लाल विटांच्या कॉलेजात मला मान मिळाला, हे कबूल करायला हवे. शेवटच्या वर्षी कॉरिनने अंडे न फोडता उचलणारा हात बनवला. प्राध्यापक म्हणाले, असा हात त्यांनी पाहिला नाही. मी तर म्हणतो, त्या हाताने एकदा माशी धरली, तिची मापे घेतली आणि माफी मागून सोडून दिली. क्लीव्हलंडच्या एका कृत्रिम अवयवांच्या कार्यशाळेने तिला बोलावले. पगार पन्नास हजार. दुसरे बोलावणे उत्तर डकोटातल्या तेलाच्या विहिरींवरून. पगार जवळजवळ दुप्पट.

कॉरिनने कागद घेतला नाही, खडू घेतला नाही. कर्ज व्याज पिऊन दीड लाखाच्या पुढे गेले होते आणि हप्ता तिला पाठ होता. पन्नासातून कर काढा, भाडे काढा, हप्ता काढा. उरते त्यात माणूस कसाबसा जेवतो, आजारी पडू शकत नाही. आणि एक हप्ता चुकला की फोन जामिनाला जातो.

ती डकोटाला गेली. पुढच्या वर्षी लाल विटांनी छापलेल्या सरासरीत तिचाही पगार धरला गेला असणार. कुण्या दुसऱ्या बापाने तो आकडा आपल्या फरशीवर खडूने लिहिला असेल. त्या आकड्यात माझी कॉरिन होती. तिचे हात बनवणे त्यात नव्हते.

तिकडे कंपनीने तिला आकडे दाखवणारा, बॅटरीवर चालणारा कॅलिपर दिला. माझे दिवस सरले. सुट्टीत घरी आली तेव्हा तिने मला डबीत ठेवून बापाच्या हाती दिले. "तू जप याला, डॅड. तिकडे वाळूच वाळू आहे, खराब होईल." मला वाईट वाटले, पण वेंडेलने मला पुन्हा खिशात घातले. आता त्याचा हात मला धरताना किंचित थरथरे. वय झाले होते. त्या उन्हाळ्यात त्याने खरोखर काम सोडले. आम्ही होडी घेऊन सरोवरावर गेलो. माझ्या शेपटीने त्याने पाण्याची खोली मोजायचा प्रयत्न केला आणि एकटाच हसला.

तो उन्हाळा एकच मिळाला.

तेलाचे भाव पडले आणि विहिरी बंद झाल्या. कॉरिनची नोकरी गेली. तिने सावकाराकडे थोडी मुदत मागितली. सरकारी कर्जाचे लोक थांबले, खासगीवाला थांबला नाही. त्याचा फोन वेंडेलला आला. तेव्हा वेंडेल स्वयंपाकघरात उभा होता आणि मी खिशात. "हो. हो, सही माझीच आहे," एवढेच तो म्हणाला.

मग त्याने कॉरिनला फोन लावला. "काळजी नको करू गं. शिल्लक आहे माझ्याकडे. तू आरामात नोकरी बघ."

शिल्लक म्हणजे होडी होती. ती विकली. ते पैसे सरले तेव्हा तो कारखान्यात परत गेला. पत्रे मोजून घेण्याचे त्याचे जुने काम आता उरले नव्हते, जागा होती ती प्रेसवर. लोइस दारात आडवी उभी राहिली.

"तुझा कॉफीचा कप थरथरतो, वेंडेल. तू प्रेसपुढे उभा राहणार?"

"कप हलका असतो म्हणून थरथरतो. पत्रा जड असतो."

"पोरीला सांगते मी."

"सांगितलंस तर तुझं तोंड बघणार नाही. ती आहे ते सगळं टाकून हॉटेलात भांडी घासायला लागेल."

लोइसने सांगितले नाही. त्याचा पश्चात्ताप ती आजही करते.

जास्तीचे तास मिळावेत म्हणून तो एका पाळीला दुसरी पाळी जोडू लागला. अशाच एका जोडपाळीच्या शेवटी एक पत्रा प्रेसमध्ये अडकला. अडकलेला पत्रा लोखंडी आकड्याने ओढायचा, हात घालायचा नाही, हे नव्या पोरांना वेंडेलनेच शिकवले होते. पण आकडा चार पावलांवर लटकत होता आणि तो फार दमला होता. त्याने हात घातला.

इथे मी वाढवून काही सांगत नाही. मी खिशात होतो. दणका मी जन्मभर ऐकला होता. त्या दिवसाचा दणका जरा मऊ होता.

उजव्या हाताची दोन बोटे गेली, अंगठ्याशेजारचे आणि मधले.

कॉरिन आली. इस्पितळातून बाप घरी आला होता आणि गॅरेजमध्ये, होडी असायची त्या रिकाम्या जागेत, खुर्ची टाकून बसला होता. हाताला पट्टी होती. ती त्याच्यापुढे गुडघे टेकून बसली. गावच्या रीतीप्रमाणे तिने डोळ्यांकडे बघायला हवे होते. तिने हाताकडेच बघितले.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू काय केलं असतंस? हप्ता भरला असतास?"

"क्लीव्हलंडला गेले असते, डॅड! स्टेटला गेले असते! तुझ्या त्या केकवर मी थुंकले असते!"

वेंडेलने पट्टीचा हात मांडीवर सरकवला. मग हळूच म्हणाला, "केक चांगला होता गं."

ती हसली आणि हसतहसत रडायला लागली. लोइस दारात पाठ करून उभी राहिली.

मग कॉरिनने मला बाकावरून उचलले. बापाचा डावा हात हातात घेतला, लहानपणी घेई तसा. उजव्या हाताची बोटे बनवायची तर माप डाव्यावरूनच घ्यावे लागते. एकेक पेर तिने मोजले. शेवटी अंगठ्याशेजारच्या बोटाचे मधले पेर माझ्या जबड्यात धरले आणि माझा वरचा लहान स्क्रू आवळला, म्हणजे माप हलणार नाही. गॅरेजमधल्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यातून तिने ते बोट घडवायला घेतले. दोन पेरे तयार झाली. तिसऱ्याची बिजागरी राहिली होती.

तेवढ्यात डकोटाहून फोन आला. विहिरी पुन्हा सुरू झाल्या होत्या. क्लीव्हलंडची कार्यशाळाही अजून तिला घ्यायला तयार होती, पन्नासावर.

"घरी रहा गं," लोइस म्हणाली. "क्लीव्हलंडला माझ्या गाडीनं जा रोज. मी काय, बसनं फिरेन."

"थकलेले हप्ते आहेत, आत्या. आधीचं व्याज आहे. डॅडचे पुढचे उपचार आहेत. पन्नासात नाही बसत." आणि ती बापाकडे वळली. "जाऊ ना?"

"जा," वेंडेल म्हणाला. त्याने हात हलवून निरोप दिला तो डाव्या हाताने.

कारखान्याने बोटांचे पैसे दिले, मित्रांनो. आले तसे ते कर्जात गेले. दोन बोटांनी कर्ज किती कमी झाले, हे मला मोजता आले असते. मी मोजले नाही.

तेव्हापासून मी गॅरेजच्या बाकावर आहे. शेजारी ते अर्धे ॲल्युमिनियमचे बोट आहे. कॉरिन वर्षातून एकदा, थँक्सगिव्हिंगला, त्या टर्की खाण्याच्या सणाला येते. दोन दिवस असते, त्यातला एक झोपते. माझा स्क्रू अजून आवळलेलाच आहे. असे आवळून ठेवले की आमची जात वाकते, गंजते, पुढे खोटे माप देते. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो, आणि मला हात नाहीत हे लक्षात घ्या: तुमच्या घरात एखादा जुना कॅलिपर असेल तर त्याचे जबडे सैल सोडा, त्याला तेलाचे बोट लावा. आणि तुमच्यासाठी कुणी घाईघाईने सही करू लागले, तर आधी त्याचा हात हातात घ्या. थरथरतो का बघा. बोटे मोजा. आमच्या गावच्या रीतीकडे लक्ष देऊ नका.

रोज संध्याकाळी वेंडेल येतो. दिवा लावतो आणि डाव्या हाताचे ते अंगठ्याशेजारचे बोट माझ्या जबड्यात घालून बघतो. कॉरिनने माप घेतले तेव्हा ते घट्ट बसले होते. मी अजून वाकलेलो नाही.

हल्ली सैल बसते.